धोंडीरामच्या रानातली रेघ

तेलगाव फाट्यावर माझं खताचं दुकान आहे आणि बंकट मेंढपाळ आहे. म्हणजे आम्ही दोघंही रानाला खाऊ घालायच्याच धंद्यातले. माझा माल गोणीतून येतो, त्याचा स्वतःच्या पायांनी चालत येतो, एवढाच फरक. त्यामुळे मी बंकटची स्तुती केली तर ती हातचं राखूनच केलेली असणार, हे धरून चाला.

नशिबावर आमच्या फाट्यावर रोज चहाबरोबर चर्चा होते. ज्याचा कापूस भिजला तो नशिबाला शिव्या देतो आणि ज्याचा वाचला तो स्वतःच्या अकलेला शाबासकी देतो. मला या दोघांचाही सारखाच राग येतो. बंकट त्यांच्यातला नाही. तो म्हणतो, नशीब पाहुण्यागत येतंय, आधी त्याला बसायला टाकावं, मग कशापायी आलास ते इचारावं.

त्याचा धंदा असा. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढपाळाला बोलावतात. मेंढपाळ संध्याकाळी रानात वाघर लावतो, म्हणजे जाळ्याचं कुंपण करतो, आणि त्यात कळप बसवतो. रात्रभरात लेंड्या आणि मूत रानात मुरतं. दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकते. असं करत सगळं रान खतवलं जातं, यालाच रान बसवणं म्हणतात. बोलणी झाली की शेतकऱ्याने आपल्या बांधावर नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. मेंढपाळ ताज्या करवंट्या आणि कुंकू बघतो आणि तिथेच कळप उतरवतो. कागद नाही, पावती नाही. आजवर त्यात कधी घोळ झाला नव्हता.

त्या साली बंकटला मोठ्या कामाची फारच गरज होती. त्याचा पोरगा जीवन दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होता आणि मेंढ्या विकून स्वतःची गाडी घेऊ म्हणून बापाच्या मागे लागला होता. बंकटचं सगळं आयुष्य त्या कळपामागे गेलेलं. कळप गेला असता तर हा माणूस फाट्यावर आमच्यासारखा नशिबावर बोलत बसला असता. पण विजयसिंह बापूंनी उन्हाळाभराचं काम देऊ केलं. बापू म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार आणि पुढारी. त्यांची सगळी रानं बसवायची तर उन्हाळा संपला असता आणि जीवनचं तोंड बंद झालं असतं. बोलणी माझ्याच दुकानात झाली.

आता गंमत बघा. लग्नसराई होती. पुढाऱ्याला एका दिवसात किती मांडवांत अक्षता टाकाव्या लागतात ते तुम्हाला माहीतच आहे. बापू आणि त्यांची माणसं त्या धावपळीत बांधावर नारळ फोडायचं साफ विसरली. आणि बापूंच्या रानाशेजारच्या धोंडीरामने आपल्या बांधावर नेमका नारळ फोडलेला होता, तो बोअर घेण्यासाठी. बोअरच्या मशीनने खोल जाऊन नुसता फुफाटा वर आणला. धोंडीराम आणि त्याची बायको तुळजाबाई इतके हिरमुसले की रानाकडे पाठ फिरवून लेकीकडे गेवराईला गेले. संध्याकाळी बंकट कळप घेऊन आला, त्याने करवंट्या बघितल्या, कुंकू बघितलं, हात जोडले आणि धोंडीरामच्या रानात वाघर लावली.

बापू लग्नं आटोपून परतले तेव्हा शेजाऱ्याचं निम्मं रान बसवून झालं होतं. बापूंनी बांधावर उभं राहून जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी बंकटचं काम रद्द केलं आणि दुसरा मेंढपाळ बोलावला. फाटा महिनाभर हसला. मीही हसलो. जीवन मात्र हसला नाही, त्याने थेट मेंढ्यांचा व्यापारीच गाठला. शेवटी बंकटच्या बायकोने, भामाबाईने, मध्ये पडून तोड काढली. दसऱ्यापर्यंत थांबायचं. तोवर पुढच्या उन्हाळ्याची कामं हातात आली नाहीत तर दसऱ्याला कळप विकायचा.

धोंडीराम गेवराईहून परतला आणि रानातल्या लेंड्या बघून चक्रावला. माणूस सरळ. फुकटचं पचणार नाही म्हणून ज्वारीचं पोतं डोक्यावर घेऊन बंकटच्या वाडीवर गेला. बंकटने पोतं परत केलं आणि त्याच्याकडे भलतंच मागितलं. सगळ्या रानात एकच बियाणं लाव, म्हणाला, आणि दोन्ही बाजूंना चिमूटभरसुद्धा खत टाकू नकोस. तुळजाबाईचा जीव खालीवर झाला. निम्मं रान उपाशी ठेवायचं म्हणजे काय, असं ती विचारत होती. पण धोंडीरामने हिशोब केला की निम्म्याचं तर आयतंच झालंय, उरलेलं निम्मं या माणसासाठी गेलं तर गेलं. त्याने शब्द दिला.

तिथून बंकट सरळ माझ्या दुकानात आला आणि मला सांगू लागला की धोंडीरामला यंदा खत विकू नका.

‘‘बे, माझ्या दुकानात येऊन माझंच गिऱ्हाईक तोडतोस?’’ मी म्हणालो.

‘‘एकच साल, सुग्रीवभाऊ,’’ तो म्हणाला, आणि वर माझाच चहा पिऊन गेला.

धोंडीरामचं रान डांबरी रस्त्याला लागून, तेही फाट्यावरच्या गतिरोधकाशेजारी. तिथे आमदाराची गाडीसुद्धा हळू होते. श्रावणात कपाशी वाढली आणि सगळ्या तालुक्याला ती रेघ दिसायला लागली. रानाच्या बरोबर मधून, वाघर जिथे थांबली होती तिथून, अलीकडे कमरेएवढी काळीभोर कपाशी आणि पलीकडे गुडघ्याला लागणारी पिवळट. मधे जणू कुणी दोरी धरून आखलेलं. मोटारसायकलवाले थांबायचे आणि धोंडीरामला विचारायचे. धोंडीराम मुळातला अबोल, पण त्या दिवसांत त्याला कंठ फुटला होता. नारळापासून सुरुवात करून सगळी गोष्ट तो रंगवून सांगायचा. लोक माना डोलवायचे आणि जायचे. बंकटकडे मात्र कुणीच आलं नाही. दसरा जवळ येत चालला आणि मला खरंच वाईट वाटायला लागलं, खताचा दुकानदार असूनही.

मग एके दिवशी गेवराईहून परळीला निघालेली एसटी त्या गतिरोधकावर आपटली आणि जागीच बसली. भर दुपार, गाडी खच्चून भरलेली, आणि बहुतेक सगळे शेतकरी. ड्रायव्हर-कंडक्टर कपाळाला हात लावून बसले, म्हाताऱ्या महामंडळाचा उद्धार करू लागल्या. बंकट भामाबाईला घेऊन बाजाराला आला होता. त्याने ते बघितलं आणि धोतर सावरत माझ्या शेजारच्या किराणा दुकानात घुसला. तिथले होते नव्हते तेवढे नारळ उचलले. भामाबाईला तिथल्याच टपरीवर चहाचं आधण ठेवायला लावलं. कमरेच्या पिशवीत खंडोबाचा भंडारा होताच. प्रत्येक नारळाला त्याने भंडारा फासला.

लोक रेघेकडे बघत, चहा पीत उभे होते. बंकट त्यांच्यात गेला आणि एवढंच म्हणाला, ‘‘गाडी बिघडली न्हाई, देवानंच थांबीवली. ज्याला रान बसवायचंय त्यानं ह्यो नारळ न्यावा अन् आपल्या बांधावर फोडावा. पिवळा नारळ दिसंल तितंच मी उतरंन. दुसऱ्या नारळाला आता मी हात जोडून फुडं जातो.’’

लोक खो खो हसले, कारण गोष्ट धोंडीरामकडून ऐकलेली होती. आणि हसलेला माणूस लवकर हो म्हणतो, हे मला चाळीस वर्षं धंदा करूनही तेव्हा कळलं. दुसरी गाडी येईपर्यंत नारळ संपले. जीवन पिकअप घेऊन तिथून चालला होता, त्याला बापाने थांबवलं आणि ज्यांना नारळ मिळाले नव्हते त्यांचे नंबर मोबाइलमध्ये घ्यायला लावले. पोरगं आधी कुरकुरलं, मग रंगात आलं. तेव्हापासून फोन त्याच्याकडेच यायला लागले.

दसऱ्याला व्यापारी ठरल्याप्रमाणे वाडीवर आला. जीवनने त्याला सोनं दिलं, पाया पडला, चहा पाजला आणि सांगितलं, ‘‘शेठ, मेंढ्या उन्हाळाभर बुक हायत.’’ भामाबाई चुलीपुढे पदर तोंडाला लावून हसत होती, असं बंकटने मला नंतर तीनदा सांगितलं. मला तिन्ही वेळा आनंदच झाला.

दिवाळीनंतर विजयसिंह बापूंची गाडी माझ्या दुकानापुढे थांबली. वाडीवर जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार, म्हणून बंकटला निरोप पाठवून इथेच बोलावलं. मागचं सोडून दे, म्हणाले, उन्हाळ्यात सगळ्यांत आधी माझं रान बसव. बंकटने अदबीने भंडाऱ्याचा नारळ त्यांच्या हातात दिला.

‘‘घ्या बापू. पन पयली पाळी धोंडीरामची.’’

माझ्या हातातलं मापच थांबलं. एकदा काम काढून घेतलेला माणूस दुसऱ्यांदाही काढून घेऊ शकतो. बापूंनी नारळ फिरवून बघितला.

‘‘त्यानं नारळ नेला का तुझा?’’

‘‘त्याचा पयलाच फुटलाय, बापू.’’

बापू पोट धरून हसले. जाताना म्हणाले, दुसरी पाळी तर दुसरी, पण या वेळी नारळ मी स्वतः फोडणार.

चैत्रात कळप धोंडीरामच्या रानात उतरला. मी मुद्दाम बघायला गेलो. तुळजाबाईने मेंढपाळांसाठी धपाटे आणले होते. जीवन गाडीची नोकरी सोडून आला होता आणि वाघर रोवत होता. त्याच्या डोक्यात आता धंदा शिरलेला. तो बापाला म्हणत होता की यंदाही एका कडेला तुकडा कोरा ठेवू, रेघ दिसली पाहिजे, गिऱ्हाईक रेघेनंच येतंय.

बंकटने त्याच्या हातातली मेख घेतली, रानाच्या पार टोकाला, बांधाशी जाऊन ठोकली, आणि म्हणाला, ‘‘रेघ लोकांच्या डोक्यात बसली, लेका. धोंडीरामनं एक साल आपल्यापायी निम्मं रान उपाशी ठिवलंय. आता त्याचं पोट भरू दे.’’