शेतातला मेव्हणा

झाडाची बाजू घेऊन नवऱ्याशी जन्मभर भांडलेली बाई अख्ख्या शाहपुरात एकच झाली, आणि ती माझी बायको होती. शेवटच्या दुपारीसुद्धा आम्ही ओट्यावर चारोळ्या फोडत होतो आणि भांडत होतो. चारोळीचं बी दगडावर उभं धरून हलकेच ठोकावं लागतं, तेव्हा आतला दाणा अख्खा निघतो. माझ्या हातून तो कधी निघाला नाही. "मेख ठोकताय का?" ती म्हणायची. तिचा नियम ठरलेला: अख्खा दाणा डब्यात, फुटका माझ्या तोंडात. मी मुद्दाम जोरात ठोकतो असा तिला संशय होता. तो काही अगदीच खोटा नव्हता.

तिचं माहेर धूलकोटकडे, जंगलाला लागून. पाठीला भाऊ नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून आली ती पदरात तिकडच्या चारोळीचं बी बांधून. ते आमच्या बांधावर रुजलं, आणि हिला भाऊ मिळाला. भाऊबीजेला बुंध्याला टिळा लावून ओवाळायची, मुळाशी करंजी ठेवायची. करंजी मुंग्या न्यायच्या, पण ही घरी येऊन सांगायची, "भाऊनं खाल्ली." आधी मला शरम वाटायची. मग गावच विचारायला लागलं, "काय दादा, मेव्हणे बरे आहेत ना?" मी म्हणायचो, "मजेत आहेत. फुकटात राहतात." फळांसाठी कोणी फांदी ओढलेली तिला खपत नसे. एकदा जावयानं ओढली, तर पाहुण्यारावळ्यांसमोर म्हणाली, "आधी भावाचा हात सोडा, मग चहा मिळेल." आमचं भांडण रोज झालं, अबोला एकदाही नाही. माझी काही तक्रार नाही.

पण मेव्हण्याच्या सावलीत माझ्या केळीच्या दोन ओळी दरवर्षी खुरटायच्या. शेवटी मी झाड तोडायला माणूस सांगितला. त्या दुपारी तिला म्हटलं, "उद्या येतोय तो."

तिनं हातातलं बी ठोकलं, अख्खा दाणा डब्यात टाकला. म्हणाली, "येऊ द्या. मी बुंध्याशी खाट टाकून झोपते. माहेरी आलेल्या बाईला कोण उठवतं तेच बघू!"

मी हसलो. तीही हसली. मग "जरा पाठ टेकते" म्हणून आत जाऊन खाटेवर पडली. चहाला हाक मारली तर उठली नाही. दिवस मावळायच्या आत तिला तापीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस कुऱ्हाड घेऊन दारात. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. घरात भरलेली माणसं पाहून बिचारा चपला काढून उभा राहिला. "काका, मी नंतर येतो."

"आत्ताच चल," मी म्हटलं.

पोरगा म्हणाला, "बाबा, आज कशाला?" मी ऐकलं नाही. तिची खाट डोक्यावर घेतली आणि शेतात गेलो. सावलीतल्या केळीच्या दोन ओळींकडे बोट केलं. "ह्या काढ."

"काका, घड धरलेत की!"

"धरू देत. काढ."

जागा मोकळी झाली. मी बुंध्याशी खाट टाकली.