कापूस भरला की बंद पडणारी पिकअप

धरणगावची दिपमाला अकरा वर्षांपासून स्वतःची पिकअप चालवते. कापसाच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून कापूस भरून धुळ्याच्या जिनिंगला न्यायचा, बाकीचे महिने केळी. कानबाई देवीचं नाव घ्यायचं, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा आणि निघायचं.

या मोसमात मात्र जुन्या गाडीने नवी खोड काढली. दर फेरीला पारोळ्याजवळ एकदा आणि धुळ्याच्या अलीकडे एकदा, आचके देत बंद. उतरायचं, टाकीत काडी बुडवून डिझेल बघायचं, इंजिनाजवळचा डिझेलचा हातपंप मारायचा, की पुन्हा सुरू. मेकॅनिकने तीन फिल्टर बदलले, नळ्या फुंकल्या, पंप खोलला. गॅरेजात गाडी शहाणी, रस्त्यावर तेच. शेवटी थोरले दीर रतिलालनाना यांनी धुळ्यात गिऱ्हाईक पाहिलं. आज मी सोबत येतो, म्हणाले. बंद पडली तर तिथेच देऊन मोकळं होऊ.

गाडी गेली तर आपण घरात बसून करायचं काय, हे दिपमालाने कुणाला विचारलं नाही. पदर डोक्यावर घेतला, गिअर टाकला. नाना पार दाराला चिकटून बसले. भावजयीशी ते सरळ बोलत नसत. बोलायचं ते समोरच्या काचेशी.

"एरंडोल गयं," त्यांनी काचेला सांगितलं.

पारोळा आलं आणि गाडीने आचका दिला. दुसरा. तिसऱ्याला बंद.

"पडनी बंद. म्हतारी व्हयनी ती. कापसाचं ओझं झेपत नही तिले."

ओझं? दिपमालाचा हात हँडब्रेकवरच थांबला. केळीचं वजन कापसापेक्षा कितीतरी जास्त. चोपड्याहून केळी भरून हीच गाडी धुळ्यापर्यंत एका दमात जायची. मग हलक्या कापसालाच का अडते? कापूस भरताना आपण वेगळं काय करतो?

ती उडी मारूनच उतरली. टाकीच्या झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर ट्यूबची पट्टी, गच्च आवळलेली. कापसाचे तंतू डिझेलात जाऊ नयेत म्हणून यंदापासून भरतानाच नाना ती स्वतःच्या हाताने बांधायचे. केळीच्या वेळी कोण कशाला बांधेल?

तिने पट्टी सोडली, पिशवीसकट झाकण जरासं सैल केलं. सुस्स. झटकन परत आवळलं.

"नाना, लवकर या. इथं कान लावा."

नाना वाकले. तिने झाकण पुन्हा सैल केलं. टाकी लांब श्वास ओढत राहिली.

"काय शे हे?"

"हवा आत जातेय. झाकणाला बारीक भोक असतं, ते पिशवीने बुजलं. डिझेल संपत जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही. मग पंपाला डिझेल ओढवतच नाही. काडी बुडवायला झाकण उघडलं की हवा जायची, आणि आपण म्हणायचो, हातपंपाने चालू झाली."

"आनि मेकॅनिक?"

"गॅरेजात नेताना पिशवी नसायचीच."

नानांनी पिशवी उचलली. "मंग पिशवी ते मीच बांधी."

"रस्त्यात परत कोण आवळायचं? मीच ना," दिपमाला म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त गच्च."

नानांच्या मिशीत हसू आलं. पिशवी त्यांनी खिशात कोंबली, झाकणावर नुसता सैल फडका टाकला.

आता धुळ्याच्या अलीकडचा टप्पा. मुकटी गेलं. फागणे आलं, दरवेळची दुसरी जागा. दिपमालाने ओठ दाबून धरले; पायाखाली ॲक्सिलरेटर मऊ, इंजिनाचा सूर एकसारखा. नानांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता, जणू गाडी तेच ढकलत होते. फागणे मागे पडलं. दिपमालाला एकटीलाच हसू फुटलं, आवरेना.

जिनिंगच्या फाटकात रांग होती. तिने इंजिन बंदच केलं नाही. नानांना गिऱ्हाईकाचा फोन आला.

"नही भाऊ," नाना मोठ्याने म्हणाले, "गाडी इकानी नही शे. कामावर शे ती." फोन खिशात टाकून ते थेट तिच्याकडे वळले. "चल दिपमाला, पुढची सरकली. वजनकाट्यावर ले."