चौदा नंबरच्या खोलीतलं धिरडं

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये रेखा सामंत भिजलेली मूगडाळ मिक्सरमधून जाडसर काढत होती. शेजारी सगळ्या आश्रमाचं पॉरिज रटरटत होतं. डाळ मात्र एकट्या मिसेस यून यांच्यासाठी होती.

मिसेस यून चौदा नंबरच्या खोलीत राहतात. वय एक्क्याऐंशी, मूळ गाव सोल, मुलगी सिडनीला. ऑगस्टपासून त्यांचं ताट जवळपास जसंच्या तसं परत येत होतं. गुरुवारी वजन व्हायचं होतं, आणि ते आणखी उतरलं तर हॉस्पिटलमध्ये हलवावं लागेल, असं डॉक्टरांनी मुलीला सांगून ठेवलं होतं. मिसेस यून यांना हॉस्पिटल नको होतं. त्यांच्या नवऱ्याला तिथे नेलं होतं, तो परत आला नाही.

डाळीची कल्पना रेखाने सप्टेंबरात सोलहून आणली होती. चिंचवडची ही बाई कधी कोरियाला जाईल असं तिच्या माहेरी कुणाला वाटलं नसतं, पण युनिव्हर्सिटीला सुट्टी लागली आणि मुलगी उर्वी तिला घेऊन गेली. राजवाडे बघून झाले. रेखाच्या डोक्यात राहिला तो ग्वांगजांगचा बाजार. उंच छताखाली खाण्याच्या टपऱ्यांच्या रांगा, आणि बायका भिजलेले मूग दगडी जात्यात दळून तिथेच तेलात थापताहेत.

"हे तर आपलं धिरडं," रेखा म्हणाली.

"मम्मा, तुला सगळंच आपलं वाटतं," उर्वी म्हणाली, आणि मांस नको एवढं फोनवरून भाषांतर करून टपरीवालीला दाखवलं.

बाकावर बसून दोघींनी एक धिरडं संपवलं, सोया सॉसमधल्या कांद्यासकट. टपरीवालीने आणखी अर्धं पुढे केलं. रेखाने ताटलीवर हात आडवा धरला. बाईने पुन्हा पुढे केलं, हिचा हात पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा बाईने विचारलंच नाही, तुकडा ताटलीत ठेवला. रेखाने तो खाल्ला.

"यू सेड नो. ट्वाइस."

"ते तसं 'नाही' नव्हतं गं."

"दॅट मेक्स नो सेन्स, मम्मा."

मेलबर्नला परतल्यावर रेखाने शेफची परवानगी काढून आश्रमात धिरडं केलं. सोहमने ते चौदा नंबरला नेलं. तो नागपूरहून शिकायला आलेला, आता इथेच रहिवाशांची देखभाल करणारा केअरर आहे. धिरडं परत आलं. रेखाला वाटलं, डाळ फार बारीक झाली असेल. दुसऱ्या खेपेला जाडसर केली, सोबत कांदाही दिला. तेही परत आलं.

मंगळवारची ही तिसरी खेप होती. दुपारी ट्रे जसाच्या तसा परत आला तेव्हा रेखाने विचारलं, "तू त्यांना नेमकं काय म्हणतोस?"

"विचारतो, खाणार का. त्या हात असा करतात आणि नो थँक यू म्हणतात. मी म्हणतो, नो वरीज." सोहमने ट्रेवर तळहात आडवा धरून दाखवला. "फोर्स नाही करता येत, ताई."

रेखा त्या हाताकडे बघत राहिली. ताटलीवर हात असाच आडवा धरून आपण सोलमध्ये काय केलं, ते तिला आठवलं. तिच्या आत्याही दुसऱ्यांच्या घरी दोनदा नको म्हटल्याशिवाय जेवत नसत. आणि तीन खेपा ती डाळीलाच दोष देत होती.

तिने ड्यूटीवरच्या नर्सला विचारलं. पुन्हा विचारायला हरकत नाही, ताटात जबरदस्तीने वाढायचं नाही, तिसऱ्यांदाही नको म्हणाल्या तर ट्रे उचलायचा, असं नर्सचं म्हणणं पडलं. रेखाने धिरडं गरम केलं आणि स्वतः घेऊन गेली.

पहिल्यांदा हात आडवा. नो थँक यू. रेखा हलली नाही. खिडकीबाहेर सुकत घातलेल्या चादरींबद्दल काहीतरी बोलली, मग पुन्हा विचारलं. पुन्हा हात, या वेळी जरा सावकाश. तिसऱ्यांदा तिने फक्त ताटली थोडी जवळ सरकवली.

मिसेस यून यांनी धिरड्याचे दोन भाग केले. एक स्वतःपुढे ओढला, दुसरा रेखाकडे ढकलला.

रहिवाशांच्या ताटातलं खायचं नाही, हा नियम. रेखाने हात आडवा धरला. मिसेस यून थांबल्या. त्यांनी तुकडा पुन्हा ढकलला, आणि स्वतःच्या अर्ध्याला तोवर हात लावला नाही. तिसऱ्यांदा रेखाने कोपरा मोडून तोंडात टाकला. मग त्या खाऊ लागल्या.

"मीठ कमी," अर्धं संपल्यावर त्या इंग्रजीत म्हणाल्या.

नियम मोडल्याचं रेखाने नर्सला जाऊन सांगितलं. पुढच्या वेळी आपली वेगळी ताटली घेऊन बसा, असं नर्स म्हणाली. बुधवारी दोन ताटल्या गेल्या.

गुरुवारी वजन झालं. वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. डॉक्टरांनी हॉस्पिटलचा विषय पंधरा दिवस पुढे ढकलला.

उद्या शुक्रवार. रेखाची सुट्टी आहे. दुपारचं जेवण सोहम नेणार आहे, आणि किचनच्या फळ्यावर चौदा नंबरसमोर तिच्या अक्षरात लिहिलं आहे: मीठ थोडं जास्त, दोन ताटल्या, तीनदा विचारा.