बुरुजाचं दार

जपानमधल्या कोबेच्या भूकंपानंतरच्या वर्षी आम्ही दोघं ग्रीसमधल्या थेसालोनिकीला फिरायला गेलो. हॉटेलात शिरताच आमच्या ह्यांनी तळमजल्यावरची खोली मागितली, उशाशी बॅटरी ठेवली आणि बूट पलंगाला लागून मांडले. कोबेतल्या आमच्या घरीही वर्षभर हेच चाललं होतं. रस्त्यात जुन्या भिंतींपासून लांब, अगदी मधोमध चालायचे. समुद्रकाठच्या दगडी बुरुजापाशी तर थांबलेच.

"वर नको," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, इतक्या लांब काय हॉटेलची खोली बघायला आलो? बसा तुम्ही इथेच. मी चालले!"

रागाच्या भरात सगळ्या पायऱ्या चढले. गच्चीवर लोक फोटो काढत होते, समोर समुद्र लखलखत होता. मागून एक बाई काहीतरी बोलली. मग आणखी कुणीतरी. शेवटी माझ्या खांद्यावर हात पडला. त्यांना गच्चीवर जायचं होतं आणि वाट मीच अडवली होती. मी बाहेर पाऊलच टाकलं नव्हतं. दोन्हीकडचे दगड हातांनी घट्ट धरून दाराच्या चौकटीत उभी होते, कोबेत हादरा बसला की उभी राहायचे तशी.