घोड्याला 'नाही' शिकवणारा भास्कर

फोन भास्करच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा होता. सकाळचे साडेसात झाले असतील, मी यवतमाळच्या घरी चहा घेत होतो. "भाऊजी, हे उठूनच नाही राह्यले..." एवढंच त्या बोलल्या आणि कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला. त्यांच्या गावी, बोरी अरबला पोचलो तेव्हा भास्करला ओसरीत निजवलं होतं. झोपेतच गेला होता. मागच्या छपरीतून फरशीवर खूर आपटल्याचा आवाज सारखा येत होता. घोड्याला सकाळचा चारा द्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. दीड महिना झाला. हातातलं काम थांबलं, की तो आवाज अजून माझ्या कानात येतो.

आम्ही दोघं यवतमाळच्या एकाच शाळेत होतो. माझे वडील कचेरीत, त्याच्या घरी कापूस आणि तुरीची शेती. गणितात तो माझ्या वहीत बघून लिहायचा, पण वरातीचा घोडा बुजला की मोठी माणसं त्याला वर्गातून बोलवून न्यायची. बारावी झाल्यावर तो मुंबईला गेला आणि चित्रपटांना घोडे पुरवणाऱ्या एका मालकाकडे लीद काढायच्या कामाला लागला. दहा-बारा वर्षांत असं झालं, की पडद्यावरच्या लढाईत घोडा पडला म्हणजे तो बहुधा भास्करच्या हाताखालचा असायचा. टीव्हीवर ऐतिहासिक मालिका लागली की आमच्या घरचे राजाकडे बघायचे, मी घोड्याकडे.

एकदा त्याच्याकडे आठ दिवस राहिलो होतो, तेव्हा हे काम जवळून पाहिलं. घोड्याला दमदाटीनं पाडता येत नाही. आधी मऊ वाळूत नुसतं बसायला शिकवायचं, मग आडवं व्हायला, मग चालता चालता, आणि सगळ्यात शेवटी धावताना. लगाम एका बाजूला ओढायचा, खांद्यावर हलकी थाप मारायची. पडला की गुळाचा खडा. मशाली आणि तलवारींचा खणखणाट अंगवळणी पाडायचा तो वेगळाच. यात महिनेच्या महिने जात. "जनावर कायच्या भरोशावर पडते, सांग बरं पद्या?" त्यानं मला विचारलं होतं. "खाली जमीन मऊ हाये, अन् वर बसलेला आपला हाये. बस, दोनच गोष्टी."

मैना ही त्याची पांढरी घोडी. शिंगरू असल्यापासून त्यानंच वाढवलेली. एका चित्रीकरणात तिला धावत येऊन पडायचं होतं. त्यासाठी जागा खोदून, वाळू टाकून तयार केली होती. पण ऊन सरकलं आणि कॅमेरा वीस पावलं बाजूला न्यावा लागला. तिथली जमीन खोदलेली नव्हती, खाली कडक मुरूम होता. वर बसलेल्या भास्करनं खूण केली आणि मैना पडली. पुढचा पाय मोडला. डॉक्टर येऊन शेवटची सुई देईपर्यंत तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. आठवड्याभरात तो पत्र्याची पेटी घेऊन गावी परतला. सिनेमावाल्यांनी जबरदस्ती केली असं आम्ही सगळे म्हणत राहिलो. त्यानं कधी हो म्हटलं नाही, की नाही.

दोन वर्षं तो घोड्याच्या वाटेला गेला नाही. शेतात राबायचा. दुपारी जेवून बाजेवर पडला आणि डोळा लागला, की त्याचा उजवा हात बाजेच्या कडेच्या लाकडावर थाप मारायचा... हलकी, दोनदा. वहिनी तो हात धरून ठेवायच्या. जागा झाल्यावर त्याला काही सांगायच्या नाहीत.

मग एक दिवस मुकुटबनच्या एका शेतकऱ्याकडून त्यानं तांबडा, तरणा घोडा आणला. नाव ठेवलं राघू. मला बरं वाटलं. पण वर्षभरानं गेलो तर राघू वाळूत पडायला शिकला होता आणि आता त्याची शिकवणी उलटीच चालली होती. तो राघूला कडक जमिनीवर न्यायचा आणि पडायची खूण करायचा. घोडा पडायला लागला की सावरून धरायचा आणि गूळ द्यायचा नाही. आणि ज्या दिवशी राघूनं पुढच्या खुरानं जमीन उकरून पाहिली आणि थाप बसूनही तो उभाच राहिला, त्या दिवशी गुळाची अख्खी ढेप त्याच्यापुढं ठेवली.

"अबे, हे काय उलटं शिकवून राह्यला?"

"माह्यं बी आयकाचं नाही, हे शिकवून राह्यलो," तो म्हणाला.

तीन वर्षं लागली. नंतर एका मालिकेसाठी त्याला बोलावणं आलं, मीही हौसेनं सोबत गेलो. शिपायाच्या वेषात भास्कर स्वतः राघूवर बसला होता. जागा खोदून ठेवल्याचं त्याला सांगितलं होतं, त्यानं वरून हात लावूनही पाहिलं होतं. घोडा दौडत आला, जागेवर थबकला, खुरानं माती उकरली आणि उभा राहिला. तीनदा तेच झालं. तिथला माणूस ओरडला, "याला काही शिकवलंय की नाही?" भास्कर खाली उतरला आणि खुरानं पडलेल्या खड्ड्यात हात घातला. चार बोटं मातीखाली खडक होता. "शिकवलं हाये, म्हनूनच उभा हाये," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिथं दुसऱ्या कुणाचा घोडा आला. आम्ही टेम्पोतून परतलो. वाटभर भास्कर मागे राघूजवळ उभा होता आणि लहान पोरासारखा रडत होता. इतका सुखी मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मला वाटलं होतं, आता सुटला. पण तो जायच्या पंधरा दिवस आधी भेटलो, तेव्हा छपरीत बसल्या बसल्या तो एकदम बोलायला लागला. "मले कोनी जबरदस्ती नव्हती केली, पद्या. फक्त इचारलं होतं... भास्कर, जमते का? मीच म्हनलं, जमते." मग म्हणाला, "मैना थांबली होती रे. एवढीशी. तिले समजलं होतं. मी दुसरी थाप देली." मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. काय बोललो ते आता आठवत नाही. त्याचा मात्र शब्दन् शब्द आठवतो.

मागच्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. तिन्हीसांजा होत आल्या होत्या. त्या छपरीत राघूसमोर उकिडव्या बसल्या होत्या. भास्कर रोज संध्याकाळी घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवायचा, कुठं सूज आहे का, कुठं हाताला गरम लागतंय का, ते बघायचा. वहिनी आजवर घोड्याच्या जवळ कधी गेल्या नव्हत्या.

"तुम्हाले समजते का वहिनी त्यातलं?"

"काई नाही समजत भाऊजी," त्या म्हणाल्या. "पन हा याच टायमाले आपूनच पाय उचलून देते. मंग मी हात ठेवते."

राघूनं एकेक करून तीन पाय दिले. चौथा उचलला तेव्हा वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांचा हात लागेपर्यंत त्यानं तो खाली टेकवला नाही.