मामांचा उजवा अंगठा

देवाने माणसाला दोन हात दिले ते आलटूनपालटून वापरायला, ही गोष्ट अख्ख्या नाशिक जिल्ह्यात फक्त माझ्या बायकोच्या मामांना कळली होती. देवळाली कॅम्पात रंगरूटांना कवायत शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली. नवी पोरं पहिल्याच महिन्यात दौडून दौडून नडग्या धरून बसायची. ते बघून मामांनी एक सिद्धांत काढला आणि निवृत्तीनंतर म्हसरूळला राहायला येताना तो ट्रंकेबरोबर घेऊन आले. "दुखणं कामानं येत नाही, जावईबापू. तेच ते काम न थांबता केलं की येतं. आज दहा, उद्या बारा. एकदम शंभर नाही!" हे ज्ञान मला मेव्हण्याच्या लग्नात मिळालं, मी पंगतीत मठ्ठ्याची बादली घेऊन फिरत असताना. भर मांडवात त्यांनी मला बादलीचा हात बदलायला लावला आणि मी नव्या व्याह्यांच्या धोतरावर अर्धी बादली मठ्ठा ओतला. मामा म्हणाले, "सवय नाही हाताला. रोज दोन पेले वाढत जा."

उन्हाळ्यात आमच्या पंचवटीतल्या इमारतीच्या गच्चीवर बायका उडदाचे पापड लाटायला बसल्या की मामा सायकल हाणत हजर. अर्धा तास झाला की जिन्याच्या तोंडाशी उभे राहून गरजायचे, "विश्राम!" लाटणी खाली. मग सगळ्या बायका मुकाट्याने मनगटं फिरवताहेत आणि परातीतल्या लाट्या सुकताहेत, असा देखावा. "अहो मामा, पीठ वाया जातंय!" असं शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, तर उत्तर आलं, "पीठ पुन्हा मळता येतं. मनगट मळून दाखवा!" बायको मला बजावायची, "मामा येणार असतील तर आधी सांगत जा, आम्ही मनमाडला जाऊन पापड लाटू." आमच्या शिंप्याला त्यांनी दर बाहीनंतर उठून मान फिरवायला लावलं. त्यापायी माझी दिवाळीची पँट मला संक्रांतीला मिळाली. पण शिंप्याची दहा वर्षांची मानदुखी गेली, हे मात्र खरं. काय बोलणार!

मामांचा खरा सीझन ऑक्टोबरात. द्राक्षाची छाटणी निघाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं दिंडोरीच्या बागांत येतात आणि दिवसभर हात वर करून कात्री चालवतात. पंधरा दिवसांत अंगठे आणि कोपरं बोलायला लागतात. संध्याकाळी मामांच्या ओट्यावर ही मंडळी रांगेत बसायची आणि मामा एकेकाचा हात मांडीवर घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत अंगठ्याने दाबत जायचे. फुकट. वर चहा. सुजलेल्या जागी दाबायचं नाही, तिथे बर्फ लावायचा, कात्रीला धार ठेवायची, तासाला हात झटकायचे, हे सगळं दटावून सांगायचे.

एका वर्षी ते चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागले. मला वाटलं, सिद्धांताचा नवा अध्याय. पण त्यांच्या सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी होती, आणि हा माणूस झोपेतसुद्धा कॉलरचं बटण लावणारा! मी बळेच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. डॉक्टर म्हणाले, "हात दाबणं बंद. सहा आठवडे पट्टी, मग हळूहळू व्यायाम. नाहीतर या हाताची पकड जाईल. घरी कोण असतं?" घरी कोणी नसायचं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि भाकरीसुद्धा मामा स्वतःच थापायचे.

बाहेर आल्यावर मी भांडलोच. "जगाला विश्राम सांगता आणि स्वतः? लाज नाही वाटत?"

"वाटते की," मामा खालमानेने म्हणाले. "पण छाटणी महिनाभराची. त्यांना थांबा म्हणून कसं सांगू? आणि ते आले नाहीत तर संध्याकाळी माझ्याकडे येतं कोण?"

संध्याकाळी ओट्यावर आठ-दहा जण बसलेच होते. मामांनी पट्टीचा हात पाठीमागे लपवला. मी सगळ्यांना सांगून टाकलं, की मामांचा हात आता बंद. मग पेठकडचा एक उंच माणूस उठला आणि मामांच्या पुढ्यात येऊन बसला.

"मामा, हात द्या इकडं."

"अरे, तू दिवसभर राबून आलायस."

"आन् तुम्ही नाय राबलं? द्या."

त्याने तो हात मांडीवर घेतला, पट्टीला धक्का न लावता, आणि कोपराच्या वर दंडावर हलक्या हाताने दाबायला लागला. बाकीचे आपापली जागा धरून बसून राहिले, एकही उठून गेला नाही. मामा आधी "जरा वर... जोर नको," असे हुकूम सोडत होते. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुमची मामी गेल्यापासून हा हात कुणी हातात घेतला नव्हता रे."

मला फार वाईट वाटलं. बारा वर्षं मी त्यांच्याकडे कधी मान घेऊन, कधी पाठ घेऊन जात होतो. मामा, तुमचं काय दुखतं, असं मी एकदाही विचारलं नव्हतं.