शेअर्ड फोल्डरमधले आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट ठाऊक नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो. आमचे लॅपटॉप लिनक्सवर चालतात आणि सगळ्यांच्या फायली ऑफिसातल्या एका मशीनवर, शेअर्ड फोल्डरमध्ये असतात. वाय-फाय धड असलं तर तो फोल्डर दिसतो, नाहीतर स्क्रीन तशीच अडकून बसते. पासवर्ड टाका, पुन्हा जोडा — पुन्हा तुटतं. सारखा वैतागलेला असायचो मी. आणि वैतागलेला माणूस समोरचं कितीसं वाचतो?

साळवे बाई मराठी शिकवायच्या. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं आमच्या वसतिगृहात राहतात. उसाच्या फडातून फोन लागला तर लागतो. म्हणून मजुरांच्या गाड्या निघायच्या आधी बाई एकेका आईला मोबाईलसमोर बसवून काहीबाही बोलायला लावायच्या. गोष्ट, गाणं, नुसतं रागावणंसुद्धा. आठवण आली की पोरं कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन ते ऐकायची. बाईंचा मोबाईल भरला तेव्हा मीच म्हणालो होतो — शेअर्ड फोल्डरमध्ये टाका, मोबाईलमधलं खुशाल पुसा.

त्या दिवशी दुपारपर्यंत तालुक्याला माहिती पाठवायची होती. नेटवर्क तुटत होतं, त्यात लॅपटॉपवर जागा संपल्याचा मेसेज. समोर बाईंचा फोल्डर दिसला. मला वाटलं, ही माझ्याकडची कॉपी. कायमचं डिलीट करायचं का, असं मशीनने विचारलं — विचारलं होतं हो. मी चिडूनच 'हो' दाबलं. शेअर्ड फोल्डरमधलं पुसलं की सगळ्यांचंच जातं, हे मीच वर्गात शिकवतो ना?

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. फोल्डर दिसत नाही म्हणाल्या, आणि काल मी काय पुसलं ते मला कळलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "सर, माझ्याच हातून काही दाबलं गेलं असेल का हो?"

आणि मी — मी म्हणालो, "असेल."

बाईंनी पोरांसमोर उभं राहून माफी मागितली. मी दारात होतो. एक पोरगी म्हणाली, "बाई, मंग माझी आई आता कवा बोलंल?" बाईंनी तिला जवळ घेतलं. तेव्हा तरी मी पुढं व्हायला नको होतं का? दोन पावलांवर तर होतो. मी वळून स्टाफरूममध्ये गेलो.

त्यानंतर बाईंनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. आवाज भरून घेणंही बंद केलं. परवा त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात म्हणाल्या, "एक चूक माझ्या हातून झाली, पोरांच्या आयांचे आवाज गेले. ते मनातून जात नाही."

मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

बाईंनी काही पुसलं नव्हतं. पुसलं मी.